सासऱ्यांचा फॉरवर्ड, दिरांची लिंक आणि पतसंस्थेसमोरची रांग

ताई, सप्रेम नमस्कार.

मी कराडजवळच्या एका गावातली. गावच्याच पतसंस्थेत काउंटरला बसते. सासरे निवृत्त मुख्याध्यापक आहेत. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलंय, त्यामुळे गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरांनी टाकलं म्हणजे ते खरंच, असं सगळे धरून चालतात. मे 2025 मध्ये सीमेवर धुमश्चक्री चालू होती तेव्हा त्यांनी 'सायबर हल्ल्यामुळे एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार' हा मेसेज ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी आम्ही शटर वर करायच्या आत दारात रांग. एक आजी नातीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडायला आल्या होत्या, व्याज बुडेल म्हणून सांगितलं तरी ऐकेनात. पुढे मेसेज खोटा निघाला. सासरे त्यावर एक शब्द बोलले नाहीत आणि त्यांना कुणी विचारलंही नाही.

धाकटे दीर जर्मनीत असतात. त्यांनी एकदा तिथल्या मोठ्या साप्ताहिकाची बातमी म्हणून एक लिंक पाठवली. मागाहून कळलं की ती साइटच नकली, हुबेहूब बनवलेली. ते अजून चिडलेले आहेत. मिस्टर म्हणतात, सरकारने हे सगळं एकदाचं बंदच करून टाकावं.

मला तीन गोष्टी विचारायच्यात. परक्या देशांना आमच्यासारख्या गावाशी काय देणंघेणं? सासऱ्यांना कसं सांगू? आमच्याकडे सून सासऱ्यांची चूक काढत नाही. आणि मी तो ग्रुप सोडून देऊ का?

– एक सून, कराड तालुका

सप्रेम नमस्कार.

पहिला प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर नीट कळलं की सासऱ्यांशी कसं बोलायचं ते बरंचसं आपोआप सुचेल.

जुलै 1983 मध्ये दिल्लीच्या 'पेट्रियट' या इंग्रजी दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं. पत्रलेखक म्हणे अमेरिकेतला नामवंत शास्त्रज्ञ. नाव दिलेलं नाही. एड्सचा विषाणू अमेरिकी लष्कराने मेरीलँडमधल्या फोर्ट डेट्रिक इथल्या प्रयोगशाळेत बनवला, असा त्याचा दावा होता. आणि पुढचा दावा असा की आता हे प्रयोग पाकिस्तानात हलवले जाणार आहेत, म्हणजे रोग भारताच्या उंबऱ्याशी येणार. यात पाकिस्तान कशाला आणला, ते तुम्हाला सांगायला नको. दिल्लीतल्या वाचकाला मेरीलँडची भीती वाटत नाही, पाकिस्तानची वाटते. पत्र लिहिणाऱ्याला आपली दुखरी जागा नेमकी ठाऊक होती.

ते पत्र कुण्या शास्त्रज्ञाचं नव्हतंच, त्यामागे सोव्हिएत गुप्तहेर संघटना केजीबी होती. आणि त्यांनी ते मॉस्कोच्या वर्तमानपत्रात छापलं नाही, कारण मॉस्कोवर जगातल्या निम्म्या लोकांचा विश्वास नव्हता. अलिप्त भारतातल्या वर्तमानपत्राचा शब्द मात्र आशिया-आफ्रिकेत मानला जात होता. त्यांना हवा होता तो आपला शब्द. 'पेट्रियट' सोव्हिएत बाजूला झुकलेलं होतं हे दिल्लीत जाणकारांना माहीत होतं, पण नैरोबीत किंवा हरारेत बसलेल्या वाचकाला ते कसं कळणार?

पत्र छापून दोन वर्षं काही झालं नाही. मग ऑक्टोबर 1985 मध्ये मॉस्कोच्या 'लितेरातुर्नाया गझेता' या साप्ताहिकाने तोच आरोप पुन्हा केला, आणि पुरावा म्हणून काय दिलं? दिल्लीतलं ते पत्र. 'हे आम्ही म्हणत नाही, भारतातलं प्रतिष्ठित वृत्तपत्र म्हणतंय.' त्याच्या आदल्या महिन्यात, सप्टेंबरमध्ये, केजीबीने बल्गेरियाच्या गुप्तहेर खात्याला या मोहिमेत मदत मागणारी तार केली होती, ती पुढे कागदपत्रांतून उजेडात आली. पूर्व जर्मनीतले याकोब सेगल नावाचे निवृत्त जीवभौतिकशास्त्रज्ञ पुढे आले, त्यांनी याच गोष्टीवर शास्त्रीय वाटेल असा प्रबंध लिहिला आणि 1986 मध्ये हरारेला अलिप्त राष्ट्रांची परिषद भरली तेव्हा त्याच्या प्रती तिथे वाटल्या गेल्या. 1987 सरेपर्यंत ही कहाणी 80हून जास्त देशांत आणि 30हून जास्त भाषांत पोहोचली होती. तेव्हा इंटरनेट नव्हतं, मोबाइल नव्हता. 1992 मध्ये रशियाच्या परराष्ट्र गुप्तहेर खात्याचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी यात आपल्या लोकांचा हात असल्याचं मान्य केलं. एचआयव्ही हा विषाणू विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य आफ्रिकेत चिंपांझींकडून माणसात आला, हे विज्ञानाने आता पक्कं केलं आहे. तरीही ती थाप आजही भेटते. एड्स हे कारस्थान आहे असं ज्याच्या डोक्यात बसलं, तो तपासणीला जात नाही, औषधावर विश्वास ठेवत नाही. म्हणजे दिल्लीत छापलेल्या एका निनावी पत्राची किंमत परक्या देशांतल्या आजारी माणसांनी मोजली.

आता तुमच्या गावाकडे या. परक्या देशाला तुमच्या गावाचं नावही माहीत नसेल. पण लोकांचा ज्याच्यावर विश्वास आहे असा माणूस त्याला हवाच असतो, आणि तुमच्या गावात तो माणूस म्हणजे सर. एटीएमचा मेसेज सीमेपलीकडून आला की आपल्याच कुणी रिकामटेकड्याने बनवला, याच्या शोधात वेळ घालवू नका. पहिला हात कुणाचाही असो, तुमच्या ग्रुपवर तो पोहोचला तेव्हा त्याच्यावर सरांचं नाव होतं. लोक धावले ते सरांच्या शब्दावर.

इथे एक गोष्ट जरा खोलात जाऊन सांगायची आहे, कारण यावर फार कमी बोललं जातं. एड्सची थाप अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये इतकी का रुजली? अलाबामा राज्यात टस्कीगी इथे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने 1932 ते 1972, अशी चाळीस वर्षं, सिफिलिस झालेल्या जवळजवळ 400 कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता फक्त निरीक्षणाखाली ठेवलं. त्यांना सांगितलं, तुमचं रक्त खराब आहे. पेनिसिलिन मिळू लागल्यावरही ते त्यांना दिलं नाही. ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. जिथे सरकारने खरोखर असं वागून दाखवलं, तिथे 'सरकारने रोग पसरवला' हे खोटं सहज खपलं. खोटं बाहेरून आलं, पण त्याला बसायला जागा घरातल्या खऱ्या अन्यायाने करून ठेवली होती.

तुमच्या दारातल्या त्या आजी अशाच आल्या होत्या. त्यांना अडाणी म्हणू नका. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत 1000 रुपये काढायची मुभा होती. मुंबईत बँकेच्या दाराबाहेर रडणारी म्हातारी माणसं साऱ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिली. आणि पतसंस्थेतल्या ठेवीला तर बँकेतल्या ठेवीसारखं पाच लाखांपर्यंतचं विमा संरक्षणही नसतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्या आजींची भीती खरी होती, मेसेज तेवढा खोटा होता. आपण मेसेजला खोटं म्हणून मोकळे झालो आणि भीतीबद्दल बोललोच नाही, तर पुढचा मेसेज पुन्हा तितकाच चालेल.

म्हणून सासऱ्यांच्या आधी तुमच्या संस्थेबद्दल बोलते. तुम्ही काउंटरला बसता, चेअरमन नाही, हे कळतं मला. तरी मॅनेजरसाहेबांना एवढं सुचवा: दर्शनी भागात एक फळा लावा आणि त्यावर संस्थेच्या एकूण ठेवी, दिलेलं कर्ज, हाताशी असलेली रोकड आणि बँकेतली गुंतवणूक, मागच्या लेखापरीक्षणाचा वर्ग, हे दर महिन्याला लिहा. आकडे चांगले असोत-नसोत, लिहा. आणि अफवेच्या दिवशी लावायची सूचना आजच तयार ठेवा, कारण गर्दी दारात आल्यावर मजकूर सुचत नाही. 'आज नेहमीप्रमाणे दहा ते पाच व्यवहार चालू. रक्कम उपलब्ध आहे. मुदत ठेव मोडण्यापूर्वी व्यवस्थापकांशी बोला.' बस, एवढंच. अफवेचा उल्लेखही नको, नाहीतर ज्याने ती ऐकली नव्हती त्यालाही कळते. दुसरं, तुमचे पिग्मी एजंट. ते रोज घरोघरी जातात, पासबुकावर सही करतात, चहा घेतात. त्यांनी दारात उभं राहून सांगितलेलं वाक्य ग्रुपवरच्या दहा खुलाशांना भारी पडतं. संकटाच्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी त्यांना खरी माहिती द्या.

हे मी गावापुरतं सांगत नाही, देशांनाही हेच लागू पडतं. तैवानवर चीनकडून खोट्या माहितीचा मारा अखंड चालू असतो. जानेवारी 2024 मध्ये तिथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हा मतमोजणीत घोटाळा झाल्याचे काटछाट केलेले व्हिडिओ पसरवले गेले. पण तैवानमध्ये मतं मोजतात कशी, ते बघा. मतदान संपलं की त्याच केंद्रात, सगळ्यांसमोर, कर्मचारी एकेक मतपत्रिका दोन्ही हातांनी उंच धरतो, शिक्का कुठे आहे ते दाखवतो, उमेदवाराचा पुकारा करतो, आणि दुसरा भिंतीवर लावलेल्या कागदावर रेघ ओढतो. गावातला कुणीही येऊन उभा राहू शकतो, चित्रण करू शकतो. ज्याने ती मोजणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, त्याला व्हिडिओ दाखवून फसवणं अवघड जातं. तिथेच 'कोफॅक्ट्स' नावाचा नागरिकांनी उभा केलेला उपक्रम आहे. मेसेजिंग अ‍ॅपवर आलेला संशयास्पद मजकूर तिकडे पाठवायचा, स्वयंसेवक तो तपासून उत्तर लिहितात, आणि पुढे तोच मजकूर दुसऱ्या कुणी विचारला की तयार उत्तर लगेच मिळतं. हे काम करणारी माणसं शिक्षक, गृहिणी, विद्यार्थी अशी साधीच आहेत.

आता तुमचे मिस्टर. त्यांची चीड मला समजते, पण 'सरकारने बंदच करावं' याला माझा विरोध आहे, आणि तो ठाम आहे. केंद्र सरकारने 2023 मध्ये आयटी नियमांत बदल करून सरकारी कामकाजाविषयीचा मजकूर खोटा की खरा हे ठरवण्याचा अधिकार स्वतःच्याच तपासणी कक्षाला द्यायचं ठरवलं. त्याला आव्हान दिलं गेलं ते आपल्या मुंबई उच्च न्यायालयात. जानेवारी 2024 मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं दोन दिशांना गेली, मग तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर 2024 मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. ज्याच्याविषयी लिहिलंय त्यानेच खरं-खोटं ठरवायचं, हे लोकशाहीत चालत नाही. सरकारने आपला खुलासा जरूर करावा. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा, म्हणजे पीआयबीचा, फॅक्ट चेक विभाग तसा करतोच, आणि मे 2025 मध्ये एटीएमचा तो मेसेज खोटा असल्याचं त्यांनीच लगोलग जाहीर केलं होतं. खुलासा करणं वेगळं आणि तोंड बंद करणं वेगळं. स्वीडनने 2022 मध्ये मानसशास्त्रीय संरक्षणाची स्वतंत्र सरकारी संस्था काढली, तिला काम दिलं ते परदेशातून चालणाऱ्या मोहिमा ओळखण्याचं. स्वतःच्या नागरिकांची मतं तपासणं तिच्या कक्षेत नाही. ही रेघ आपल्याकडेही आखलेली हवी.

आणि निदान उशिरा झालं की उपायही किती जड जातो ते रोमानियात दिसलं. नोव्हेंबर 2024 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची पहिली फेरी झाली, टिकटॉकवरच्या संशयास्पद मोहिमेचे आणि परकीय हस्तक्षेपाचे अहवाल आले, आणि डिसेंबरमध्ये घटनात्मक न्यायालयाने ती निवडणूकच रद्द केली. मे 2025 मध्ये पुन्हा मतदान झालं. पण लाखो लोकांनी दिलेलं मत एका निकालाने पुसलं गेलं, त्याची सल तिथे राहिलीच.

मिस्टरांना आणखी एक सांगा. परकीय हात असतो हे खरं, म्हणून जिथे-तिथे तो दिसायला लागणं हाही एक आजार आहे. कांद्याला भाव नाही म्हणून रस्त्यावर बसलेला शेतकरी परक्यांचा हस्तक नसतो. त्याच्या आंदोलनाचा कुणी बाहेरच्याने फायदा उठवला, तरी कांद्याचा प्रश्न खोटा ठरत नाही. आपल्या माणसाला गद्दार म्हणायची सवय लागली की बाहेरच्यांचं काम आपणच फुकटात करतो.

दिरांकडे येते. ते फसले यात त्यांचं शिक्षण कमी पडलं असं मुळीच नाही, हे त्यांना नक्की कळवा. ब्रसेल्सच्या ईयू डिसइन्फोलॅब या संस्थेने सप्टेंबर 2022 मध्ये 'डॉपेलगेंगर' नावाने नकली साइटची ही रशियन मोहीम उघड केली. जर्मनीतलं 'श्पीगेल', 'बिल्ड', ब्रिटनचं 'गार्डियन' अशा नामांकित माध्यमांच्या साइटची हुबेहूब नक्कल. तोच लोगो, तीच अक्षरं, तीच मांडणी. वरच्या पट्टीतल्या इतर बातम्यांवर बोट ठेवलं की खऱ्या साइटवर जाता येई, त्यामुळे संशय यायला जागाच नाही. फरक फक्त पत्त्यात: 'श्पीगेल'च्या पत्त्याचा शेवट 'डॉट डीई' असतो, नकलीचा 'डॉट एलटीडी'. मजकूर काय? युक्रेनला मदत केल्याने तुमच्या घराचा गॅस महागला, तुमच्या नोकऱ्या जाणार. महागाई तर खरीच होती, तिच्या पाठीवर बसवून बाकीचं विकलं. युरोपीय संघाने जुलै 2023 मध्ये या मोहिमेतल्या रशियन व्यक्ती आणि संस्थांवर निर्बंध घातले, अमेरिकेने सप्टेंबर 2024 मध्ये असे 32 वेबपत्ते जप्त केले. दिरांना एवढंच सांगा की बातमी वाचायची तर त्या साप्ताहिकाचा पत्ता स्वतः टाइप करून किंवा त्यांच्या अ‍ॅपवरून वाचायची, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नाही. लिंकवरची बातमी खऱ्या साइटवर शोधून सापडली नाही, तर ती नाहीच असं समजायचं.

आता सगळ्यात अवघड भाग. मे 2025 मधल्या त्या धुमश्चक्रीत एका रात्री आपल्याच काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं होतं. ते झालं नव्हतं. तुमच्या ग्रुपवर तेव्हा फटाक्यांची चित्रं पडली असतील आणि कुणीही 'खरं का?' म्हणून विचारलं नसेल. शत्रूबद्दलचं खोटं आपल्याला गोड लागतं. 2020 मध्ये त्याच ईयू डिसइन्फोलॅबने दुसरा एक अहवाल दिला, तो आपल्याबद्दल होता. भारताच्या हिताचा प्रचार करणारं, पाकिस्तानला बदनाम करणारं, दिल्लीतल्या एका उद्योगसमूहाशी जोडलेलं जाळं 15 वर्षं चालू होतं, 750हून अधिक नकली माध्यमं 119 देशांत उभी केली होती, आणि 2006 मध्ये वारलेले कायद्याचे प्राध्यापक लुई सोन हे त्यानंतरच्या कार्यक्रमांना हजर असल्याचं दाखवलं होतं. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने यात सरकारचा हात असल्याचं नाकारलं. ते असो, मृत माणसाच्या नावाने केलेला प्रचार माझ्या देशाच्या बाजूने असला तरी मला तो नको. दिल्लीतलं 1983चं ते पत्र आपल्याला झोंबतं ना? मग हेही झोंबलं पाहिजे. नाहीतर आपण खोट्याच्या विरोधात नसतो, फक्त दुसऱ्याच्या खोट्याच्या विरोधात असतो.

सासऱ्यांशी बोलायचं ते याच मुद्द्यावरून. ग्रुपवर त्यांना उत्तर देऊ नका, चारचौघांत तर नाहीच. दुपारी चहा देताना, घरात दोघंतिघंच असताना विषय काढा. 'बाबा, तो मेसेज खोटा होता' अशी सुरुवात नको, त्याने माणूस बचावाला उभा राहतो. असं म्हणा: 'बाबा, त्या दिवशी आमच्याकडे रांग लागली, कारण तुमचा शब्द गाव मानतं. तुमच्या नावाचा कुणीतरी वापर करून घेतंय असं मला वाटतं.' मग त्या आजींचं सांगा, व्याज किती बुडणार होतं ते आकड्यासकट सांगा. मुख्याध्यापक होते ना, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सही करण्यापूर्वी जनरल रजिस्टर काढून जन्मतारीख ताडून पाहायची सवय त्यांच्या हातात आहे. फॉरवर्डलाही तेच लावायचं. हे मूळ कुणी लिहिलं, कधी लिहिलं, आणि दुसऱ्या कुणी जबाबदार माणसाने नाव घालून हेच म्हटलंय का? मेसेजवर दुहेरी बाण दिसले की तो फार हातांतून आलाय एवढं कळतं, खरा आहे असं नाही. नाव नाही, तारीख नाही, 'त्वरित सर्वांना कळवा' आहे, मग तो मेसेज रात्रभर तसाच पडू द्या. एका रात्रीत बहुतेकांचं खरं-खोटं बाहेर येतं.

ते लगेच मान्य करतील असं नाही. गप्प बसले तरी चालेल. पुढच्या वेळी मेसेज टाकण्याआधी 'सूनबाई, हे बघ जरा' म्हणून फोन पुढे करतील, तेव्हा समजा की बोलणं पोहोचलं. त्या वेळी हातातलं काम बाजूला ठेवून त्यांच्याबरोबर तपासा.

ग्रुप सोडू नका. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षेवर पोट असलेली माणसं ती. त्या काळात देशभर फिरणारा मूल पळवण्याचा एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या जनजागृतीपटाचा तुकडा होता. मोटरसायकलवरची माणसं मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, तो शेवट कुणीतरी कापून टाकला होता. राईनपाड्याच्या घटनेमागे परकीय हात नव्हता, पण वाट तीच: व्हॉट्सअ‍ॅपवर विश्वासाच्या माणसाकडून आलेला मेसेज. त्या भागातल्या ग्रुपांवर त्या दिवसांत 'थांबा, मी तपासते' म्हणणारी माणसं किती होती, हा प्रश्न मला अजून छळतो. तुम्ही बाहेर पडलात तर तुमच्या गावात तसं म्हणणारं एक माणूस कमी होईल.

आणि तो जुना मेसेज. इतके दिवस झाले म्हणून सोडून देऊ नका, कारण तोच मजकूर पुढच्या तणावात तारीख बदलून परत येणार आहे. सासरे तयार झाले तर त्यांच्याच नावाने ग्रुपवर जाऊ द्या: 'एटीएम चालू असतात. मे 2025 मध्ये मी पाठवलेला मेसेज चुकीचा होता, त्यामुळे काहींची गैरसोय झाली. यापुढे पैशांबाबत असं काही आलं तर आधी पतसंस्थेत किंवा बँकेत विचारावं.' मजकूर तुम्ही लिहून द्या, शब्द त्यांना बदलू द्या, पाठवायचं बटण त्यांनाच दाबू द्या. ते तयार नसतील तर पतसंस्थेच्या नावाने, सरांचा उल्लेख न करता, मॅनेजरसाहेबांकडून पाठवा. आणि त्या आजी पुढच्या वेळी काउंटरला आल्या की त्यांची ठेव कधी संपते, किती रक्कम हातात येईल ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.